पक्ष्यांना मोजता येत नाही

१

पक्ष्यांना मोजता येत नाही. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या कोणालाही विचारा, हेच सांगेल. तलावाकाठच्या लपणात, म्हणजे फोटोसाठी केलेल्या आडोशात, एकटा माणूस शिरला, की पक्षी तासन्‌तास त्या बाजूला फिरकत नाहीत. आत कोणीतरी आहे, हे त्यांनी पाहिलेलं असतं. पण दोघं आत शिरले आणि थोड्या वेळानं त्यातला एक बाहेर पडून निघून गेला, की त्यांचा जीव भांड्यात पडतो. आला होता तो गेला, एवढंच त्यांना कळतं. मग ते बिनधास्त उतरतात आणि मागे राहिलेला आपले फोटो काढतो.

आमच्यात मागे राहणारी मी आणि निघून जाणारे मनोहरराव, माझे यजमान.

ते खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले, मी शाळेतून, आणि कॉलनीतलं क्वार्टर सोडून आम्ही नागपुरात दिघोरीला राहायला आलो. निवृत्तीनंतर काहीच करायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं आणि ते काम ते मन लावून करत होते. मी कॅमेरा घेतला. पक्ष्यांची पुस्तकं आणली, ओळखीपाळखीच्या लोकांच्या मागे लागून बरेच तलाव पालथे घातले आणि शेवटी कुहीच्या बाजूचा एक आडवळणाचा तलाव आपला म्हणून धरला. पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, आतल्या उतारावर, बेशरमीच्या झुडपांत, बांबू आणि हिरवी जाळी लावून लपण केलं. दोन माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसतील एवढंच.

मनोहररावांना पक्ष्यांत काडीचा रस नव्हता. मला एकटीला जाऊ द्यायचं नाही म्हणून ते यायचे, आणि पाळीच्या टोकाला रुखमाबाईची चहाटपरी होती म्हणून यायचे.

"तुये पाखरं म्हणजे आमच्या युनियनवाल्यायसारखे," ते म्हणायचे. "एक साहेब बाहेर पडताना दिसला, की समजतात केबिन खाली झाली."

तलावाची चौकीदारी एका टिटवीकडे होती. पाळीवर कोणी पाय ठेवला की ही बया किंचाळत डोक्यावर घिरट्या घालायची. मनोहरराव निघाले की त्यांच्या डोक्यावर ओरडत पाळीभर जायची, त्यांना टपरीपर्यंत पोचवून परत यायची. ती गप्प झाली, की मी कॅमेरा डोळ्याला लावायचे.

२

जानेवारीत त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डावा डोळा अजून व्हायचाच होता. काळा गॉगल लावून पलंगावर बसलेल्या मनोहररावांना समोर माणूस आहे हे दिसे, कोण आहे ते त्यानं तोंड उघडल्यावर कळे. डोळ्यात दिवसातून बरेचदा थेंब टाकायचे होते. ते स्वतःचे स्वतः टाकणं त्यांना काही केल्या जमत नसे. बाटली जवळ आली की डोळा गच्च मिटायचे आणि थेंब मिशीत जायचा.

नेमके त्याच आठवड्यात पट्टकादंब आले. हिमालय ओलांडून येणारे हे मोठे पक्षी, पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूनं दोन काळे पट्टे, आणि स्वभावानं महासंशयी. तीन हिवाळे ते मला हुलकावणी देत होते.

"जा ना," मनोहरराव म्हणाले. "मी काय लहान पोरगा आहो? थेंब टाकून जा, आली की पुन्हा टाकजो."

"तुम्ही नाही तर बाहेर कोण पडेल? मी एकटी आत शिरले तर ते यायचेच नाहीत."

"मंग नुसती पाहून ये. घरात बसून मले काऊन छळून राहिली?"

गेले. सकाळचं कोवळं ऊन पाण्यावर आलं होतं. टिटवीनं माझ्या नावानं शंख केला, कादंब उडून पलीकडच्या काठाला गेले आणि मी लपणात शिरून पडदा ओढला. आता दुपारपर्यंत नुसतं बसायचं, अशी मनाची तयारी केली.

टिटवी शांत झाली. आणि लगेच पुन्हा ओरडायला लागली.

तो आवाज मला पाठ होता. लपणापासून सुरू झाला आणि पाळीवरून टपरीच्या बाजूला पुढे पुढे जाऊ लागला. पाळीवरून कोणी गुराखी गेला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. टिटवी थांबायच्या आतच पंखांचा मोठा आवाज झाला आणि कादंब माझ्यासमोर उतरले, इतक्या जवळ की भिंगात मावेनात. मी हावरटासारखी बटण दाबत सुटले.

घरी आले तेव्हा मनोहरराव गॉगल लावून स्वस्थ पडले होते. मी हात धुऊन बाटली उघडली.

"आता काऊन?" ते म्हणाले. "आत्ताच तर टाकले ना तू."

"मी आत्ता येतेय."

"मघाशी आली नव्हती का? थेंब टाकले, बाजूले बसली. आता टाकले त जास्ती होतीन." गॉगलखालून एक ओघळ गालावर आला होता. तो ओला होता.

झोपेत असतील, म्हणून मी विषय सोडला. त्यांनी आपले आपण टाकले असतील तर चांगलंच आहे, असंही मनात आलं.

३

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी फोटो संगणकावर उघडले. सुरेख आले होते. पंखांवरचे पाण्याचे थेंब दिसत होते, चोचीचा पिवळा रंग दिसत होता. फक्त एकही पक्षी माझ्याकडे पाहत नव्हता.

त्यात नवल नाही, पक्षी कुठेही पाहतात. एक पाण्यात पाहतो, एक आकाशात, एक पंखात चोच खुपसतो. पण इथे उतरल्याबरोबरच्या फोटोंत झाडून सगळ्यांच्या माना एकाच बाजूला होत्या. मी एकापुढे एक फोटो सरकवत गेले, तशा त्या माना हळूहळू डावीकडे वळत गेल्या. पाळीच्या दिशेनं, टपरीच्या दिशेनं, पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगानं. मग शेवटी त्यांनी एकदम माना खाली घातल्या आणि गवत खायला लागले.

गुराखी, मी पुन्हा म्हणाले. लोकांचा तलाव आहे, कोणीही जाईल-येईल.

"काय पाहून राहिली एवढी?" आतून मनोहररावांनी विचारलं.

"काही नाही. छान आलेत."

४

पुढच्या वेळी तर कमालच झाली. टिटवी ओरडत पाळीवरून गेली, कादंब उतरले, मी पोट भरून फोटो काढले. निघायची वेळ झाली तेव्हा पडदा सारून बाहेर आले, तर ते उडाले नाहीत. दोन-चारांनी मान वर केली, थोडे सरकले आणि पुन्हा चरायला लागले. टिटवी माझ्याकडे पाठ करून उभी होती. तिनं एकदा हाक दिली, तीही उगाच दिल्यासारखी.

मी किती खूश झाले म्हणून सांगू! पक्ष्यांनी आपल्याला आपलं मानावं, हे आमच्या छंदातल्या प्रत्येकाचं स्वप्न असतं. लोक वर्षानुवर्षं एका काठावर बसून त्याची वाट पाहतात. मी अक्षरशः तरंगत टपरीवर आले.

"बाई, तुमी तं गेल्या होत्या ना?" रुखमाबाईनं विचारलं.

"कुठे?"

"मघाशी. पाळीवरून खाली उतरल्या. मी हाक देली, चहा घेऊन जा म्हटलं. पाहलं बी नाही तुमी माह्याकडे, सरळ रोडवर गेल्या." ती माझ्याकडे निरखून पाहत होती. "हीच टोपी होती. म्या म्हटलं, साहेबायची तब्येत बिघडली का काय."

हिरवी टोपी आणि मातकट जाकीट घातलेली बाई आमच्या छंदात ढीगभर मिळते. कोणीतरी दुसरी आली असेल. पण गाडी एकच होती, माझी, आणि ती टपरीमागे मी लावली तशीच उभी होती. मी रुखमाबाईचा चहा अर्धा टाकून निघाले.

घरी मनोहरराव अतिशय आनंदात होते.

"तुये हात किती थंडे झाले होते वं," ते म्हणाले. "थेंब टाकताना असं बरं वाटलं डोळ्याले. पण बोलली काऊन नाही? माया हात धरून बसली निसती. लग्न झालं तवाबी कधी अशी बसली नव्हती."

मी त्यांचा हात हातात घेतला.

"आता गरम आहेत," ते म्हणाले आणि त्यांच्या आवाजात जरा नाराजी होती.

खरं सांगते, मला आधी भीती वाटलीच नाही. आधी राग आला. तीस वर्षं या माणसाच्या मी चहाच्या वेळा सांभाळल्या, त्याचं घोरणं ऐकलं, आणि याला बरं वाटतंय ते कोणाच्या हातानं? भीती नंतर आली, त्यांच्या खाटेजवळ ओढलेली खुर्ची दिसली तेव्हा. सकाळी ती मी स्वतः जेवायच्या टेबलाशी ठेवली होती.

५

शाळेत मी विज्ञान शिकवायचे. मुलांना सांगायचे, एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा. म्हणून पुढच्या वेळी निघताना घराला बाहेरून कुलूप लावलं. मागच्या दारालाही लावलं. दोन्ही किल्ल्या जाकिटाच्या आतल्या खिशात घातल्या. मनोहररावांना सांगितलं, "कोणी आलं तरी थेंब टाकू देऊ नका. मी बोलेन. मी बोलले तरच मी."

"येडी झाली का?" ते हसले. "तुयाच डोळ्याचं ऑपरेशन कराले पायजे."

लपणात बसले. टिटवी ओरडली, पाळीवरून गेली, शांत झाली. मी जाळीतून पाहायचा प्रयत्न केला, पण लपणाला त्या बाजूनं खिडकी ठेवलेली नाही. फोटो एकही काढला नाही. किल्ल्या खिशात आहेत ना, हेच चाचपत राहिले. बाहेर पडले तेव्हा एक धोबी पक्षी शेपूट हलवत माझ्या वाटेतून चालत होता. मी जवळ गेले तरी तो बाजूला झाला नाही, मलाच वळसा घालावा लागला. या वेळी मला अजिबात आनंद झाला नाही.

दोन्ही कुलपं जशीच्या तशी होती. आत मनोहरराव झोपले होते, चेहऱ्यावर समाधान होतं. गालावर ओघळ होता. थेंबांच्या बाटलीचं टोपण काढून नीट बाजूला ठेवलेलं होतं आणि खाटेजवळच्या खुर्चीखाली बेशरमीचं एक वाळलेलं पान पडलं होतं. ते माझ्याच बुटाला चिकटून कधीतरी आलेलं असू शकतं. मी ते उचलून बाहेर फेकलं.

"बोलली का ती?" मी त्यांना हलवून उठवलं. "सांगा मला, बोलली का?"

"कोण ती?" झोपेतच ते म्हणाले. "तू कुठं काय बोलते आजकाल. तेच तं बरं वाटते."

त्या दिवसापासून मी जाणं बंद केलं. कॅमेरा कपाटात ठेवला. दिवसभर त्यांच्याजवळ बसू लागले, थेंब मी टाकू लागले, आणि मुद्दाम बडबडत राहायचे. ते वैतागायचे. वैतागू देत. घरात कोणी आलं नाही, खुर्ची हलली नाही. मला हा माणूस हवा होता, वैतागलेला का होईना, आणि त्यानं माझ्याकडेच वैतागून पाहायला हवं होतं. आपल्याला हे एवढं हवं असतं, हे मला साठीत कळावं याचं हसू येत होतं.

६

गॉगल निघाला. मनोहरराव गच्चीवर उभे राहून लांबच्या दुकानांच्या पाट्या वाचून दाखवू लागले.

"चाल, आता दोघं जाऊ तलावावर," एक दिवस तेच म्हणाले. "तुये पाखरं जाऊन राहिले असतीन परत. एक डाव मलेबी पाहू दे नव्या डोळ्यानं."

मी नाही म्हणाले. मग विचार केला, की ते माझ्यासोबत असतील तर घरी कोणी कोणाकडे जायचा प्रश्नच नाही. माझ्या डोळ्यांसमोर असतील. आणि आतून मला जायचंही होतं. कादंब दोन-चार दिवसांत उत्तरेला निघणार होते.

"पण एक अट," मी म्हणाले. "आज दोघंही आतच बसायचं. कोणी बाहेर पडायचं नाही."

"बरं बाई."

टिटवीनं आमचं नेहमीसारखं स्वागत केलं, म्हणजे मला तेव्हा तसं वाटलं. ती फक्त मनोहररावांच्या डोक्यावर ओरडत होती. आम्ही आत शिरलो, पडदा ओढला. खांद्याला खांदा लावून बसलो. त्यांच्या अंगाला विड्याचा आणि डोळ्याच्या औषधाचा वास येत होता. इतकं बरं वाटलं मला.

कादंब आले, वरून एक फेरी मारली आणि उतरले नाहीत. परत आले, पुन्हा फेरी, पुन्हा नाही. मनोहररावांना खोकला यायला लागला. त्यांनी रुमाल तोंडात कोंबला.

"मी जातो," ते कुजबुजले. "माया खोकल्यानं बसणार नाहीत ते. मी गेलो की बसतीन, तुयाच तं हिशोब आहे."

"नको."

"अवं, टपरीवरच तं आहो. कुठं दूर जाऊन राहिलो." डोक्यावरून कादंबांचा थवा इतका खालून गेला, की पंखांचा वारा जाळीला लागला. माझं बोट आपोआप बटणावर गेलं. मी मान हलवली. हो म्हणून हलवली.

पडदा हलला, उजेड आला, पडदा पडला. टिटवी ओरडायला लागली आणि पाळीवरून पुढे पुढे जाऊ लागली. आणि पक्षी उतरले. पाणी उडवत, गळ्यातून आवाज काढत सगळे माझ्यासमोर उतरले आणि सगळ्यांनी माना डावीकडे वळवल्या.

मी फोटो काढला नाही. कॅमेऱ्याच्या पिशवीतला चाकू काढून बाजूची जाळी कापली, कॅमेऱ्याचं तोंड पाळीकडे वळवलं आणि भिंगाला डोळा लावला.

मनोहरराव चालत होते. त्यांच्यासोबत हिरवी टोपी घातलेली बाई होती. मी नेहमी त्यांच्या पुढे चालते, त्यावरून ते मला बोलतात. ही अर्धं पाऊल मागे होती. पाळीच्या उतारावर तिनं त्यांचं कोपर धरलं. ते तिच्याकडे वळून काहीतरी सांगत होते, तो ऑपरेशन झालेला डोळा तिच्या चेहऱ्यावर रोखून, आणि हसत होते. तिचा चेहरा मला दिसला नाही. तो पूर्ण वेळ त्यांच्याकडे होता.

टपरीपाशी त्यांनी दोन बोटं वर केली. दोन चहा. रुखमाबाईनं दोन ग्लास मांडले. दुसरा ग्लास तिनं हातात दिला आणि तो घेतला गेला.

"अहो!" मी ओरडले. पडदा फाडूनच बाहेर आले. "मनोहरराव! अहो, मी इथे आहे!"

मी कधी त्यांना नावानं हाक मारली नव्हती. पाळीवर चढून, दोन्ही हात हलवून, घसा फुटेपर्यंत मारली. त्यांनी वळून पाहिलं. डोळ्यांवर हात धरला, तलावाकडे, माझ्याकडे, माझ्या बाजूच्या झुडपांकडे पाहिलं. चांगला डोळा होता त्यांचा, लांबच्या पाट्या वाचणारा. मग त्यांनी हात खाली घेतला आणि तिला काहीतरी म्हणाले. दोघं गाडीकडे निघाले.

मी धावायला वळले आणि तेव्हा मला जाणवलं, की तलाव शांत आहे.

मी एवढी ओरडले होते. एवढे हात हलवले होते. कादंब माझ्यापासून चार पावलांवर चरत होते. एकानंही मान वर केली नव्हती. टिटवी टपरीवरून परत आली, माझ्या समोर पाळीवर उतरली, पंख मिटले, आणि सगळं आलबेल असल्यासारखी माझ्या बुटावरून चालत पलीकडे गेली.